गवती चहाचं तेल आणि गंजलेल्या पट्ट्या

कॉलेजच्या प्रयोगशाळेत सामान कमी पडतं, किस्से कधी कमी पडत नाहीत. बीकर फुटतात, वजनकाटा बिघडतो, मुलं पास होऊन निघून जातात, आणि गोष्टी तेवढ्या मागे राहतात. जळगाव जामोदला आमच्या कॉलेजात मी बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवतोय. नवीन शिक्षक रुजू झाला की स्टाफरूममध्ये चहा येतो आणि कुणीतरी म्हणतं, "सर, तायडे सरांचा तो किस्सा सांगा ना." मी सांगतो. सगळे हसतात. सांगताना मी काही भाग गाळतो, हे फक्त मला माहीत असतं. आज गाळायचं नाही असं ठरवून बसलोय.

तायडे सर आमचे विभागप्रमुख आणि माझे पीएच.डी.चे गाईड. त्यांना एकच वेड होतं. झाडांच्या सुगंधी तेलांनी लोखंडाचा गंज रोखायचा. कारखान्यात पाइप आणि बॉयलर साफ करायला ॲसिड वापरतात. ते ॲसिड मळाबरोबर लोखंडही खातं, म्हणून त्यात गंज रोखणारं रसायन घालतात. अशी बरीच रसायनं विषारी असतात. सर म्हणायचे, "लोखंड वाचवायला नदीला विष पाजायचं, हे मला पटत नाही."

काम तसं साधं होतं. पोलादाची बोटभर पट्टी घासून चकचकीत करायची, वजन करायचं, ॲसिडात बुडवायची. दुसरी तशीच पट्टी तेल घातलेल्या ॲसिडात. दुसऱ्या दिवशी दोन्ही काढून पुन्हा वजन. तेलामुळे झीज किती टक्के कमी झाली, तो आकडा वहीत लिहायचा. आमची सगळी भक्ती त्या आकड्यावर.

* * *

पहिलं तेल लवंगेचं. मी तेव्हा मलकापूरहून बसनं येजा करायचो. दिवसभर लवंग तेलात हात घालून संध्याकाळी बसमध्ये बसलो की अख्ख्या बसला वास.

शेजारच्या आजीनं पहिल्याच दिवशी विचारलं, "दाढ का रे, बापू?"

मी म्हटलं, "नाही आजी, लोखंडासाठी आहे."

आजीनं माझ्याकडं नीट पाहिलं आणि मागच्या बाईला सांगितलं, "कवळी बसवून राह्यला वाटते. लोखंडाची."

आठवड्याभरात बसमधल्या प्रत्येकानं मला दातांच्या डॉक्टरचा पत्ता दिला. कुणी निंबाची काडी सांगितली, कुणी तुरटी. एकदा नांदुरा आलं तेव्हा माझा डोळा लागला होता. कंडक्टरनं मला हलवून उठवलं.

"उतरा साहेब. दवाखाना आला."

हा किस्सा मी नेहमी पहिला सांगतो, कारण त्यात कुणाचं काही वाईट होत नाही.

* * *

आमचे परिचर नामदेवभाऊ. पट्ट्या घासायचं काम त्यांचं. पॉलिश पेपरचे पाच नंबर असतात, खरखरीतपासून रेशमासारख्या मऊपर्यंत. पाचही नंबर फिरवून झाल्यावर नामदेवभाऊ पट्टी तोंडासमोर धरायचे. त्यात स्वतःच्या मिशा दिसल्या तरच पट्टी पास. "सर, हिच्यात पाहून दाढी करता येईन," असं म्हणून ते पट्टी माझ्या हातात द्यायचे.

एकदा आम्ही महिनाभराचा प्रयोग लावला होता. चोवीस पट्ट्या, चोवीस बाटल्या. महिना संपला, मी पट्ट्या बाहेर काढून ओळीनं टेबलावर वाळत ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी वजन करू म्हणून घरी गेलो. सकाळी आलो तर चोवीसच्या चोवीस पट्ट्या आरशासारख्या चमकत होत्या. गंजाचा ठिपका नाही.

"भाऊ, हे काय केलं?"

"सर, आज कमिटी येऊन राह्यली ना कॉलेजात. गंजलेल्या पट्ट्या पाहून ते काय म्हणतीन? मी सकाळी लवकर येऊन साऱ्या घासून ठेवल्या."

महिनाभराचा गंज, जो मोजायचा होता, तो त्यांनी पुसून टाकला होता. स्टाफरूममध्ये इथे मोठा हशा येतो, आणि मी किस्सा इथेच थांबवतो.

पुढचं असं. मी त्यांच्यावर ओरडलो. एम.एस्सी.ची मुलं समोर उभी होती. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या माणसाला मी म्हणालो, "तुम्हाला डोकं आहे की नाही?" नामदेवभाऊ खाली वाकले. पॉलिश पेपरचे तुकडे गोळा करून ते बाहेर गेले.

त्या दिवसापासून ते प्रत्येक गोष्ट विचारायला लागले. "सर, हे टेबल पुसू का?" "सर, ही बाटली उचलू का?" निवृत्तीच्या दिवशी त्यांचा सत्कार झाला, हार घातला. हार हातात घेऊन ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "सर, हा घरी नेऊ का?"

* * *

एक छोटा किस्सा सरांचा.

लवंग तेल महाग, म्हणून सर गवती चहाकडं वळले. त्यांच्या अंगणात मोठे ठोंब होते. दोन पोती पात कापून, वाफेवर चढवून, दिवसभर राबून तेल निघालं लहानशा बाटलीभर. सर ती बाटली उजेडात धरून आम्हाला रंग दाखवत होते आणि ती त्यांच्याच हातून निसटली. फरशीवर चुराडा. खोलीभर गवती चहाचा घमघमाट.

सरांनी खाली पाहिलं, बाह्या सरसावल्या, आणि म्हणाले, "चला, आता फरशी तरी गंजायची नाही."

मग खाली बसून स्वतःच काचा वेचायला लागले. असा माणूस होता तो.

* * *

वैशाली आली तेव्हा माझा प्रबंध अर्धा झाला होता. संग्रामपूर तालुक्यातल्या खेड्यातली मुलगी. कॉलेजात शुद्ध बोलायची, राग आला की गावचं बोलायची. सरांनी तिला विचारलं, "विषय कोणता घेणार?"

ती म्हणाली, "सर, ॲसिडाचा बॉयलर आमच्या गावात कुणी पाहिलेला नाही. आमच्या विहिरीचं पाणी घ्या ना. खारं आहे. मोटारीचा लोखंडी पाइप दोन वर्षांत चाळणी होतो. मागच्या वर्षी पाइप तुटून मोटार विहिरीतच पडली."

सर खुर्चीतून उठून उभे राहिले. इतक्या वर्षांत असा प्रश्न त्यांच्यापुढं कुणी आणला नव्हता.

पुढच्या सोमवारी वैशालीचे वडील स्वतः पाणी घेऊन आले. श्रीरामभाऊ. उंच, वाळलेले, डोक्याला रुमाल. बसमधून वीस लिटरचा कॅन मांडीवर धरून आणला होता, बुचावर धुतलेलं फडकं बांधून. देवाचं तीर्थ आणावं तसा.

सर म्हणाले, "बसा भाऊ, चहा घ्या."

श्रीरामभाऊ म्हणाले, "चहा तुमच्या पान्याचा करा, सर. आमच्या पान्याचा चहा फाटते."

"फाटतो?"

"दूध टाकलं की फाटते. पाहुने आले की आम्ही बाहीरून पानी आनतो."

सरांना राहवेना. त्यांनी बर्नर पेटवला, नव्या बीकरमध्ये त्या कॅनमधलं पाणी घेतलं, चहा-साखर टाकली, दूध टाकलं. खरंच फाटला. दह्याच्या कवड्यांसारख्या गुठळ्या वर आल्या. सरांनी वैशालीची कोरी वही उघडली आणि पहिल्या पानावर तिच्या प्रयोगाची पहिली नोंद स्वतः लिहिली: "चहा फाटला."

श्रीरामभाऊ इतके हसले की त्यांना ठसका लागला. जाताना मला म्हणाले, "सर, पोरगी जिद्दी हाय. सांभाळून घ्या तिले."

मी म्हटलं, "काळजी करू नका भाऊ."

* * *

आता गाळलेली गोष्ट.

ॲसिडात आमचं तेल छान चालायचं. सगळे आकडे नव्वदच्या वर. वैशालीचं विहिरीचं पाणी मात्र वेगळंच होतं. त्या पाण्यात तेल मिसळायलाच तयार नाही, वर तरंगतं. तिनं नाना प्रकार करून ते मिसळवलं, पट्ट्या टाकल्या, वजनं केली, आणि आकडा आला अडुसष्ट.

अडुसष्ट काही वाईट नाही. शंभरातले अडुसष्ट भाग गंज थांबतो आहे, तेही गवताच्या तेलानं. तिनं मला वही दाखवली तेव्हा तिचा चेहरा खुलला होता.

पण मी त्या वेळी पेपर लिहीत होतो. माझी बढती अडली होती, आणि पेपर लवकर छापून यायला हवा होता. आलेखात नव्वदच्या वरचे सगळे खांब एका ओळीत उभे, आणि शेवटचा विहिरीच्या पाण्याचा खांब बुटका. वर्गाच्या फोटोत एखादं पोर खाली बसावं तसा. मी तो दोन दिवस पाहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी, खोलीत कुणी नसताना, मी अडुसष्ट खोडून एक्याण्णव टाइप केलं. खांब वर आला. ओळ सरळ झाली. मला आठवतं, मी त्यानंतर जेवणाचा डबा उघडला आणि नीट जेवलो.

सरांनी पेपरवर सही केली. आकडे तपासले नाहीत, कारण ते मी दिले होते.

वैशालीनं तपासले. कागद हातात घेऊन माझ्या टेबलापाशी आली.

"सर, हा आकडा माझ्या वहीत नाही."

मी म्हटलं, "एखादी पट्टी नीट घासली गेली नसेल. नामदेवभाऊंचं काही सांगता येत नाही."

"पट्ट्या मी घासल्या होत्या, सर. मी स्वतः."

"मग पुन्हा करून बघ."

तिनं पुन्हा केलं. तीन दिवसांनी वही घेऊन आली. सदुसष्ट.

"पाहा सर. अडुसष्टच्या जवळच आलं."

मी तिच्याकडं न पाहता म्हणालो, "पेपर गेला, वैशाली. आणि तुझं नाव आहे ना त्यात? तुझाच फायदा आहे."

तिनं वही मिटली. मग म्हणाली, "मंग माहं नाव काढून टाका."

मी काढून टाकलं. मला वाटलं होतं, ती दोन दिवसांनी येईल, रडेल, मी समजावीन. ती आलीच नाही. वही ती घेऊन गेली होती; तिचा ॲप्रन, तिच्या बाटल्या, सगळं जागेवर, आणि ती नाही. सरांना ती काही बोलली नाही. का बोलली नाही, हे मला आजही कळलेलं नाही. सरांना वाईट वाटू नये म्हणून असेल. किंवा तिला वाटलं असेल, सरांना ठाऊक आहे. हा दुसरा विचार मनात आला की मला बसवत नाही.

* * *

सरांनी विचारलं, "वैशाली का येत नाही रे?"

मला काहीतरी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "सर, घरी लग्नाचं चाललंय म्हणे."

एवढंच. तोंडातून निघून गेलं.

सर म्हणाले, "अरे वा." पुढच्या आठवड्यात ते मलकापूरला गेले आणि तिच्यासाठी भांड्यांचा संच घेऊन आले. मोठं खोकं. स्टेनलेस स्टीलचा. टेबलावर ठेवून मला म्हणाले, "मुद्दाम पाहून घेतलं. सासरी गेली तर निदान भांडी तरी गंजायला नकोत."

मी हसलो. हसावंच लागलं.

मग ते पत्रिकेची वाट पाहू लागले. दर महिन्या-दोन महिन्यांनी विचारायचे, "वैशालीची पत्रिका आली का?" मी म्हणायचो, "अजून नाही, सर." एकदा म्हणाले, "आपल्याला बोलवायचं राहिलं असेल. घाईत होतं असं." आणि खोकं कपाटाच्या वरच्या फळीवर सरकवलं. स्टाफरूममध्ये मी हा किस्सा "विसराळू गाईड" म्हणून सांगतो. सरांनी लग्न नसताना आहेर आणला, असं सांगतो. लग्नाची बातमी कुणी दिली होती, ते सांगत नाही.

* * *

पेपर छापून आला. शेवटी आभाराच्या दोन ओळी असतात, त्यात सरांनी आवर्जून श्रीरामभाऊंचं पूर्ण नाव आणि गावाचं नाव घातलं होतं, विहिरीच्या पाण्यासाठी. त्या नावाखाली लाल पेननं रेघ मारून सरांनी एक प्रत त्यांना पोस्टानं पाठवली. मुलीचं नाव पेपरवर नाही, हे सरांना माहीत होतं. "तिनंच नको म्हटलं," असं मी सांगितलं होतं. ते खरंच होतं.

मग सरांना एक दिवस त्या भागातल्या गावात शेतकऱ्यांसमोर बोलायला बोलावलं. मी सोबत गेलो. समाजमंदिरात सतरंज्या टाकलेल्या, पन्नासेक माणसं. सर फार सुंदर बोलले. खडूनं फळ्यावर पाइप काढला, त्यावर गंज काढला, आणि म्हणाले, "तुमच्याच पाण्यात आम्ही हे करून पाहिलं. शंभरात एक्याण्णव भाग गंज थांबतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली पाहत होतो.

मागच्या बाजूनं एक म्हातारी बाई उठली. "सर, एक इचारू का?"

"विचारा ना, ताई."

"ते तेल टाकलेलं पानी ढोरं पेतीन का?"

सर थांबले. हातातला खडू तसाच. मग म्हणाले, "ताई, इतकी वर्षं मी हे काम करतोय. हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता."

बाई म्हणाली, "मंग इचारा. आमचं त पह्यलं तेच हाय. पाइप नंतर."

सगळे हसले, सरही हसले. परत येताना गाडीत सर असलगाव मागं पडल्यावर म्हणाले, "बाई बरोबर बोलली. तेल कमी करायला पाहिजे. अगदी थेंबभर, जनावराला वास येणार नाही इतकं. एक्याण्णवपासून सुरुवात करायची आणि तेल कमी करत जायचं. जमेल आपल्याला. एक्याण्णव म्हणजे बरंच वर आहे, थोडं खाली आलं तरी चालेल."

मी मान डोलावली. तेव्हाच सांगितलं असतं तर पुढचं झालं नसतं.

* * *

सर त्या उन्हाळ्यात निवृत्त झाले आणि तरी येत राहिले. मंगळवारी आणि शुक्रवारी. प्राचार्यांनी कोपऱ्यातलं एक टेबल त्यांना दिलं होतं. त्या भागातून येणाऱ्या बसवाल्याच्या हाती श्रीरामभाऊंकडून नवं पाणी मागवलं. पट्ट्या स्वतः घासल्या, कारण तोवर नामदेवभाऊ घरी बसले होते.

पहिला आकडा सहासष्ट.

सर म्हणाले, "काहीतरी चुकलं." पुन्हा केलं. एकोणसत्तर. पुन्हा केलं. सदुसष्ट. वजनकाटा बदलला. नवं तेल काढलं. पट्ट्या धुवायच्या ॲसिटोनची नवी बाटली उघडली. अडुसष्ट.

पुढचं वर्षभर हे चाललं. मी शेजारच्या वर्गात शिकवत असायचो आणि त्यांच्या पॉलिश पेपरचा आवाज ऐकू यायचा. खरर, खरर. ते थांबून थांबून घासायचे, दम लागायचा म्हणून.

एका शुक्रवारी त्यांनी मला बोलावलं. वही उघडी होती. म्हणाले, "तुम्हाला एक्याण्णव आलं होतं. वैशालीचा हात चांगला होता, तुझं लक्ष होतं. मला सत्तरच्या वर जाता येत नाही. माझा हात आता कापतो बहुतेक. पट्टी सारखी घासली जात नाही."

त्यांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून मला दाखवले. हात कापत नव्हते.

मी म्हणालो, "वयोमानानं होतं, सर."

सर म्हणाले, "हो ना." वही मिटली. ॲप्रनची घडी केली, खिशातलं पेन काढून माझ्या टेबलावर ठेवलं. पुढच्या मंगळवारी ते आले नाहीत. त्यानंतर प्रयोगशाळेत आलेच नाहीत. कधी बाजारात भेटायचे, पिशवीत गवती चहा असायचा, "घरी चहात टाकतो आता," म्हणायचे. दोन वर्षांनी गेले. झोपेत गेले, त्रास झाला नाही, असं सगळे म्हणाले.

त्यांना आलेला प्रत्येक आकडा बरोबर होता. हे त्यांना सांगणारा एकच माणूस होता, आणि त्यानं वयाचं कारण सांगितलं.

* * *

शेवटचा किस्सा गेल्या हिवाळ्यातला. हा मी कुणालाच सांगितलेला नाही.

कॉलेजचं शिबिर वैशालीच्या गावात पडलं. मला टाळता आलं असतं, मी टाळलं नाही. पहिल्याच दिवशी शाळेच्या ओट्यावर श्रीरामभाऊ शोधत आले. आणखी वाळले होते, पण चाल तीच.

"सर, गावात येऊन घरी नाही आले तुम्ही. हे बरं नाही. चाला. वैशाली पण आली हाय सुटीले."

मी गेलो. वैशाली दारात होती. संग्रामपूरच्या शाळेत विज्ञान शिकवते आता. "या सर," म्हणाली. तेवढंच, आणि चहा ठेवायला आत गेली.

बसायच्या खोलीत भिंतीवर देवांचे फोटो, त्यांच्या शेजारी एक फ्रेम. आत पेपर. आमचा. पहिलं पान आणि शेवटचं पान शेजारी शेजारी लावलेली, आणि शेवटच्या पानावर त्यांच्या नावाखाली सरांची लाल रेघ, जरा फिकट झालेली.

श्रीरामभाऊंनी फ्रेम खिळ्यावरून काढली, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"सर, इतके सालं झाले, मले कोनी वाचून नाही दाखवलं. इंग्रजी हाय. गावात जो येते त्याले मी सांगतो, माहं नाव हाय म्हणून. पन आत काय हाय ते मलेच मालूम नाही. पोरीले म्हणतो वाच, त म्हणते, ते सरांचं हाय, सरांलेच इचारा. आता तुम्ही आले. वाचा बरं."

पहिल्या पानावर सगळ्या कामाचा सारांश होता, तो मी वाचायला लागलो. एकेक ओळ इंग्रजीत पाहायची आणि मराठीत सांगायची. गवती चहाचं तेल, कसं काढलं. पोलादाच्या पट्ट्या, कशा घासल्या. श्रीरामभाऊ समोर मांडी घालून बसले होते, कथा ऐकावी तशी मान हलवत. "हाव," म्हणायचे मधेच. "बराबर."

मग ती ओळ आली. विहिरीच्या पाण्यात गंज किती थांबला.

"शंभरात अडुसष्ट," मी वाचलं.

वैशाली चहाचा ट्रे घेऊन आतल्या दारात उभी होती. शांतपणे म्हणाली, "एक्याण्णव छापलंय सर तिथं."

श्रीरामभाऊंनी वाकून काचेवर बोट ठेवलं. इंग्रजी येत नसलं तरी आकडे येत होते. मीटरचे, मोबाइलचे.

"नऊ आन् एक," ते म्हणाले. "पोरगी बराबर सांगते. सर, चष्म्याचा नंबर वाढला तुमचा."

"चष्मा ठीक आहे, भाऊ," मी म्हणालो. "हिला अडुसष्ट आलं होतं. एक्याण्णव मी लिहिलं."

बाहेर कुणाची तरी मोटार चालू होती, तिचा आवाज येत होता. श्रीरामभाऊंनी माझ्याकडं पाहिलं. मग मुलीकडं. तिनं ट्रे खाली ठेवला आणि पदरानं हात पुसले. त्यांनी माझ्या मांडीवरून फ्रेम उचलली, दोन्ही हातांत धरून त्यातल्या लाल रेघेकडं पाहिलं.

"आन् पानी?" त्यांनी विचारलं. "पानी त माह्याच विहिरीचं हाय ना याच्यात?"

"हो भाऊ. पाणी तुमचंच आहे."

"मंग राहू द्या," श्रीरामभाऊ म्हणाले.

उठून त्यांनी फ्रेम खिळ्याला परत अडकवली. ती जराशी तिरपी राहिली. वैशाली पुढं आली आणि तिनं ती सरळ केली.